अळणी रेघ

नरेशनं सुकटीला नाव ठेवलं नाही, तेव्हाच देवकाबायच्या मनात पाल चुकचुकली.

पस्तीस वर्षं ती या पोराला जेवायला वाढत होती आणि पस्तीस वर्षांत एक घास त्यानं मुकाट्यानं गिळला नव्हता. मीठ जास्त झालंय, नाहीतर कमी झालंय. जन्माला आला मिठागरवाल्याच्या घरी आणि जीभ आणली नवाबाची. गेले आठ दिवस मात्र ताटात पडेल ते खात होता. म्हणून आज देवकाबायनं मुद्दाम सुकटीत मूठभर मीठ जास्त घातलं आणि समोर बघत बसली.

सून प्रणितानं पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले. "आई, खारट झालंय हे. तोंडात धरवत नाय."

"तुला विचारलं कुणी? नरेश, तू सांग. कसं झालंय?"

"बरं झालंय की," नरेश म्हणाला आणि पातेल्यातली उरलेलीही ओढून घेतली.

त्याच्या मनगटावरच्या पट्ट्यात पानाचं चिन्ह हिरवंगार होतं. हिरवं म्हणजे सगळं ठीक. पिवळं झालं तर बसायचं, लाल झालं तर दवाखाना. दोन महिन्यांत त्याचं पान एकदाही पिवळं पडलं नव्हतं.

तो उठला, उजवी चप्पल डाव्या पायात घातली आणि तसाच बांधाच्या दिशेनं चालू लागला. प्रणिता हळूच म्हणाली, "काल कुलूप कसं उघडायचं ते यांना आठवेना. हसत उभे राहिले दारात. सारखं डोकं दुखतं म्हणतात."

"पान हिरवं हाय ना?"

"हाय."

"मग झालं," देवकाबाय म्हणाली. पण प्रणिताच्या ताटात राहिलेली सुकट तिनं मांजरालाही घातली नाही, मागच्या खड्ड्यात ओतली.

पेणच्या खाडीवरचं मोकलांचं आगर म्हणजे देवकाबायचं राज्य. तीस वर्षं ती तिथली मुकादम. बाईमाणूस मुकादम म्हणून आधी हसलेले सगळे आता तिच्या आवाजानं सरळ चालत. दोन हजार सत्तेचाळीस साली उन्हाचा कायदा आला, की दमट ऊन ठरावीक अंशापलीकडे गेलं तर उघड्यावर काम बंद. मिठागर चालतं ते उन्हावर, आणि ऊन चढलं की मिठागर बंद. ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांच्या खोलीत पंखा होता, एवढं देवकाबायला नक्की माहीत होतं. कायद्यात एकच पळवाट होती: अंगात समधात बसवलेला माणूस उन्हात काम करू शकतो.

समधात म्हणजे वालाच्या दाण्याएवढं यंत्र. गळ्याच्या हाडाखाली कातडीत बसवायचं. बसवायला आलेल्या मुलीनं ते समजावलं तेव्हा तिसरीत शाळा सोडलेल्या देवकाबायला ते शिकलेल्या नरेशच्या आधी कळलं. माणसाच्या आत एक खाडी असते. रक्तात, मांसात, मेंदूत, सगळीकडे खारं पाणी. त्याचा खारटपणा एका रेघेवर राहायला हवा. मीठ चढलं की मेंदूच्या बुडाशी एक गाठ आहे ती तहान लावते आणि मूत्रपिंडांना सांगते, पाणी धरा. मीठ उतरलं की सांगते, पाणी सोडा, मीठ धरा. अंगातली ऊब, साखर, सगळ्यांच्या अशाच रेघा, आणि झोपेतसुद्धा त्या सांभाळायचं काम चालू.

"म्हणजे उघाडीवरचा राखणदार," देवकाबाय म्हणाली होती. खाडीच्या बांधाला जे दार असतं ती उघाडी. भरतीला तिची फळी उचलायची, हवं तेवढं पाणी आत घ्यायचं, फळी टाकायची. वाफ्यातलं पाणी बोटभर वर नाही, बोटभर खाली नाही.

"अगदी तसंच, आजी," ती मुलगी म्हणाली. "त्रेचाळीस अंशाला हा राखणदार दमतो. समधात त्याच्या जागी बसतं. दर मिनिटाला रक्त मोजतं आणि मूत्रपिंडांना, घामाला स्वतः हुकूम देतं. तहान तेवढी कमी करून ठेवतं, म्हणजे काम थांबत नाही. पाणी कधी प्यायचं ते पट्टा सांगेल. फक्त प्रत्येकाची रेघ वेगळी असते, ती यंत्राला आधी शिकावी लागते. पहिले चौदा दिवस ते नुसतं बघत राहील. तेवढे दिवस नेहमीचं जेवण जेवायचं, एवढंच पथ्य."

एवढंच पथ्य, आणि नेमकं तेच मोकलांच्या घरात मोडलं होतं. पण ते देवकाबायनं मनाच्या तळाशी पुरून टाकलं होतं. तिथवर कुणी फावडं घातलेलं तिला आवडत नसे.

अकराच्या सुमाराला ती बांधावर पोहोचली तेव्हा वाफे आरशासारखे पेटले होते. बारा जण लांब दांड्याच्या फळ्यांनी मीठ ओढत होते. कुणी थांबत नव्हतं, कुणी सावली शोधत नव्हतं. समधात यायच्या आधी या वेळेला अर्धं आगर बाभळीखाली बसलेलं असायचं. नरेश टोकाच्या वाफ्यात होता. तिनं हाताचा आडोसा करून पाहिलं. तो कच्चा वाफा ओढत होता. कालच पाणी सोडलेला वाफा. खाली चिखल, वर पातळ साय. सात वर्षांचं पोरही असल्या वाफ्यात फळी घालत नाही.

"नरेश! कुठला वाफा धरलास रं? डोळे फुटले का तुझे?"

त्यानं वर पाहिलं. हसला. "बाबा येतायत ना गो होडी घेऊन? त्यांच्यासाठी करून ठेवतो."

त्याचा बाप जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

मग तो गुडघ्यावर बसला, जसा कुणी दमून बसतो तसा, आणि कुशीवर कलंडला. सगळे धावले. रामा घरत नावाचा थोराड गडी सगळ्यात आधी पोचला. त्यानं नरेशचं मनगट उचलून पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला. "पान हिरवं हाय, बाय. घेरी आली असंल. सावलीत निजवू."

देवकाबायनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. वाफा पिकला की नाही ते कळायला ती आयुष्यभर एकच गोष्ट करत आली होती. तिनं नरेशच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि जिभेवर ठेवलं.

घाम खारट असतोच. पण हा घाम पिकल्या वाफ्यातल्या पाण्यासारखा लागला. त्याच्या काळ्या सदऱ्यावर पाठभर पांढरा थर जमला होता. तो थर ती दोन महिने बघत होती आणि चारचौघांत मिरवत होती, की बघा, माझा पोरगा कसा राबतो. जिभेला मीठ कळत नाही, पोटात मीठ ठरत नाही, कातडीतून मीठ वाहतंय. म्हणजे उघाडी उघडी पडली होती आणि आतली खाडी गोड्या पाण्याची होत चालली होती.

मनाच्या तळाशी पुरलेलं आपोआप वर आलं.

मोकलांच्या आगरात जुनी रीत आहे. वर्षाचं पहिलं पाणी वाफ्यात घेतलं की पहिलं मीठ धरेपर्यंत वाफ्यात पाय घालणाऱ्यानं अळणी जेवायचं. भात अळणी, कालवण अळणी, पेज अळणी. पहिलं मीठ देवीला दाखवायचं, मग सगळ्यांच्या जिभेवर ठेवायचं. समधात बसवलं ते याच दिवसांत. प्रणितानं सांगितलं होतं, "आई, नेहमीचं जेवायला सांगितलंय. या वर्षी रीत पुढं ढकलू." देवकाबायनं तिला चारचौघांत सुनावलं होतं, की माझ्या सासूनं कधी ढकलली नाही, तू कोण ढकलणार. मग बारा दिवस सगळे अळणी खाऊन उन्हात घाम गाळत होते, वर नुसतं पाणी पीत होते, आणि यंत्र बघत होतं. यंत्राला वाटलं, या माणसाची रेघ ही एवढीच.

चौदाव्या दिवशी समधातच्या नियंत्रण कक्षाचा फोन आला. नरेशसाठी घरच्या मोठ्या माणसाचा आणि बाकीच्या गड्यांसाठी मुकादमाचा जबाब लागायचा. खाणं नेहमीचं होतं ना? काय विचारतायत ते देवकाबायला पक्कं कळलं होतं. चूल माझी, माणसं माझी, आणि हा फोनवरचा कोण लागून गेला, असं मनात आलं आणि ती म्हणाली, "हो. नेहमीचंच."

आरोग्य केंद्र बांधाच्या पलीकडेच होतं. गड्यांनी नरेशला तिथं उचलून नेलं आणि ते वाफ्यांकडं परतले; निरोप मिळताच प्रणिता स्कूटर घेऊन आली. डॉक्टर शबाना परकार तिथं एकटीच असायची. तिनं सुईनं रक्त घेतलं, दोन मिनिटांनी छोट्या पडद्यावर आकडा पाहिला आणि दुसऱ्यांदा रक्त घेतलं.

"सोडियम एकशे अठरा," ती म्हणाली. "एकशे पस्तीसच्या खाली गेलं तरी आम्ही दचकतो. आणि पट्टा हिरवा दाखवतोय?"

"सोप्या भाषेत सांगा," प्रणिता म्हणाली. तिचा आवाज कापत नव्हता. देवकाबायला त्याचं नवल वाटलं, आणि नवल वाटलं याचा रागही आला.

"वाल भिजत घातले की फुगतात ना? रक्तातलं मीठ उतरलं की पेशी तशा पाणी पितात. बाकी अंगाला फुगायला जागा असते. मेंदूभोवती कवटी असते, तिथं जागा नाही." डॉक्टरनं बोलता बोलता शिरेत सुई घातली आणि दाट मिठाचं पाणी थेंबथेंब सोडलं. "चढवायचंही हळूच. घाई केली तर मेंदू आक्रसतो, तेही वाईट. पण थोडं तरी चढायलाच हवं, नाहीतर झटके येतील."

अर्ध्या तासात आकडा एकशे एकोणीस झाला. मग पुन्हा एकशे अठरा. मग एकशे सतरा. पलंगाखाली लघवीची पिशवी भरत होती. डॉक्टरनं त्यातलं मीठ मोजलं आणि ओठ चावला.

"मी वरून मीठ ओततेय आणि यंत्र खालून फेकून देतंय. त्याला वाटतंय मी याचा तोल बिघडवतेय. याची रेघच खाली बसलीय. आणि दर पंधरवड्याला ते आपलीच रेघ पाहून थोडी सरकवून घेतं, ऋतू बदलतो म्हणून. घसरतच आलंय."

"काढून टाका ते कार्टं," देवकाबाय म्हणाली.

"ते कापून काढलं तर याचा स्वतःचा राखणदार लगेच जागा होत नाही, बाय. दोन महिने त्याला काम नाही. त्यासाठी मोठं हॉस्पिटल लागेल, आणि तिथं पोचायला दोन तास. याच्याजवळ दोन तास नाहीत."

तेवढ्यात नरेशचा डावा हात आपोआप थरथरला. पाठ कमानीसारखी वर आली. दात एकमेकांवर घासले. डॉक्टर आणि प्रणितानं मिळून त्याला कुशीवर वळवलं. देवकाबाय भिंतीला टेकून उभी राहिली. तीस वर्षांत पहिल्यांदा कुठं हात घालायचा ते तिला कळत नव्हतं.

झटका ओसरला तसा डॉक्टरनं नियंत्रण कक्षाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

पलीकडचा माणूस सभ्य होता. "रेघ आम्ही इथून बदलू शकतो, डॉक्टर. नऊ मिनिटांत. पण शिकण्याच्या दिवसांत चूक झाल्याचा पुरावा लागतो. नाहीतर कुणीही उठून कुणाच्याही शरीराची रेघ बदलायला सांगेल. या घराचा जबाब माझ्यासमोर आहे. आहार नेहमीचा होता."

"रक्ताचा अहवाल पाठवते ना मी."

"अहवाल आजचा आहे. आम्हाला त्या चौदा दिवसांचं हवं. ज्यांनी जबाब दिला त्यांनीच बदलावा लागेल, त्यांच्याच आवाजात. देवकाबाई मोकल."

प्रणितानं मान वर केली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, कारण मग देवकाबायला तिच्यावर ओरडता आलं असतं.

"तुमचंच यंत्र फुटकं," देवकाबाय फोनकडे बघून म्हणाली. "माणूस मरायला टेकला तरी हिरवं पान दाखवतं, आणि मला जबाब विचारता?"

"यंत्राची तपासणी होईल, बाई. त्याला तीन दिवस लागतात."

"आमचं खाणं आमच्या रीतीचं होतं. दरवर्षी असतं तसं."

"म्हणजे चूक नव्हती, अशी नोंद करू?"

खोलीत पिशवीत पडणाऱ्या थेंबांचा आवाज येत होता. पडद्यावर एकशे सोळा झालं. नरेशची बोटं पुन्हा हलायला लागली. देवकाबायनं ती आपल्या मुठीत धरली. गार होती.

"थांब," ती म्हणाली. "नोंद करू नको. बारा दिवस अळणी होतं. घरात मिठाचा कण नव्हता. मी घातला नाही. सुनेनं सांगितलं होतं, घाला म्हणून. मी तिचं तोंड बंद केलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला कळलं होतं काय विचारताय ते. मी खोटं सांगितलं."

"खोटा जबाब दिल्यास मुकादमीचा परवाना रद्द होतो. मान्य आहे का?"

"मान्य. पुढचं कर."

"चूक कुणाची, तेही स्पष्ट म्हणावं लागेल."

देवकाबायनं सुनेकडे पाहिलं नाही. पण आवाज तिला ऐकू जाईल एवढा ठेवला.

"माझी. माझं चुकलं."

नऊ मिनिटांत कुणी खुर्चीवर बसलं नाही. दहाव्या मिनिटाला पट्ट्यावरचं पान लाल झालं, आणि डॉक्टरनं पहिल्यांदा खांदे सैल सोडले. "आता त्याला कळलं. आता ते मीठ धरेल." थोड्या वेळानं आकडा एकशे अठरावर आला, आणि तिथून एकशे एकोणीस. खाली उतरला नाही.

मग डॉक्टर एकदम वळली. "बाय, ही रीत एकट्या नरेशनं पाळली?"

देवकाबायनं नरेशची बोटं सोडली. "वाफ्यात पाय घालणारे सगळे. आणखी अकरा."

"कुठं आहेत ते?"

खिडकीबाहेर साडेबाराचं ऊन उकळत होतं. प्रणितानं रामाला फोन लावला आणि सासूच्या हातात दिला.

"रामा, फळ्या टाका. सगळे दवाखान्यात या. आत्ता."

"पोरगा कसा हाय?"

"जगंल. तुम्ही या."

"येतो की. पाच वाफे राहिलेत. आम्हाला काय झालंय, बाय, सगळ्यांची पानं हिरवी हायत." आणि तो हसला. नको तिथं, नको तेवढा वेळ हसत राहिला. सकाळी नरेश हसला होता तसाच.

देवकाबायनं फोन सुनेला परत दिला. "गाडी काढ."

प्रणितानं स्कूटर बांधावरून नेली. एका हाताच्या रुंदीची वाट, दोन्ही बाजूंना पाणी, आणि मागं पदर खोचून बसलेली सासू. भरती पुरी चढली होती. उघाडीशी उतरल्यावर देवकाबायनं एकदा आगराकडे पाहिलं. पिकलेले एकोणीस वाफे. हंगामातलं सगळ्यात पांढरं मीठ. तिथं जाऊन ओरडण्यात अर्थ नव्हता. हिरव्या पानापुढं कुणी तिचं ऐकणार नव्हतं, आणि पाण्यानं फुगलेल्या डोक्यात शहाणपण शिरत नाही, हे तिनं सकाळपासून पाहिलं होतं. माणसाला वाफ्यातून बाहेर काढायचं तर वाफाच उरता कामा नये.

"धर गो फळी," ती म्हणाली.

दोघींनी मिळून उघाडीची फळी उपसली. खाडी आत घुसली. गढूळ पाण्याची जीभ पहिल्या वाफ्यावरून दुसऱ्यावर गेली, मिठाचे ढीग बुडापासून काळे पडून खचले. अकरा माणसं बोंबलत, फळ्या परजत बांधाकडे धावली. दोघं वाटेत धडपडले, एकाला उठताच येईना. पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की सरळ असं कुणीच धावत नव्हतं.

"बाय, वेड लागलं का तुला?" रामा ओरडला. "वर्षाचं मीठ गेलं!"

"गेलं. शिव्या घाला मला, पण चालता चालता घाला. दवाखान्याकडं तोंड करून. ज्याला चालवत नाय त्याला उचला. तिथं पोचलात की सांगते मी काय केलं ते, एकेकाला."

त्यांनी शिव्या घातल्या. चांगल्या ठेवणीतल्या घातल्या. पण काम उरलं नव्हतं, आणि तीस वर्षांच्या आवाजाला पाय आपोआप ऐकत होते. दवाखान्यात अकरांपैकी सात जणांचं मीठ एकशे पंचवीसच्या खाली निघालं. देवकाबायनं प्रत्येकासाठी फोनवर तोच जबाब नव्यानं दिला. अकराव्या वेळेला पलीकडचा सभ्य माणूस म्हणाला, "कळलं बाई, आता परत नाही सांगितलंत तरी चालेल." ती म्हणाली, "तू तुझं काम कर, मला माझं करू दे."

तिसऱ्या दिवशी सकाळी नरेश उशीला टेकून बसला. आकडा एकशे तेहेतीस होता, डॉक्टरला हवा तितक्याच हळू चढलेला. त्यानं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाला, "आई, तहान लागलीय."

दोन महिन्यांत हा शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता. प्रणितानं तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. डॉक्टरनं मान हलवून होकार दिला, तेव्हा देवकाबायनं घरून आणलेल्या डब्यातली पेज वाटीत ओतली आणि स्वतः त्याच्या ओठाला लावली.

त्यानं एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"खारट झालीय."

पस्तीस वर्षं या वाक्याला द्यायचं उत्तर देवकाबायच्या जिभेच्या टोकावर तयार असे. प्रणिता वाट बघत होती.

"झाली असंल," देवकाबाय म्हणाली.

मग तिनं वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. पेजेत मीठ अगदी बरोबर पडलं होतं. बोट पदराला पुसून तिनं दुसरा घोट पुढं केला.